मधली रेघ

गेल्या डिसेंबरात आपल्या वाङ्मय मंडळाने भरवलेल्या वादविवाद स्पर्धेत मी 'एकत्र कुटुंबपद्धतीला पर्याय नाही' ह्या विषयावर अनुकूल बाजूने बोलले होते व मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले होते, हे काही वाचकांना आठवत असेल. ज्यांना आठवत नसेल त्यांनी आठवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या दिवशी मी जे बोलले ते मला आता खरे वाटत नाही. बक्षिसाचे पुस्तक परत करावे की काय, असा विचार मनात येऊन गेला. परंतु त्याच्या पहिल्या पानावर प्राचार्यांची सही आहे आणि ते माझे वाचूनही झाले आहे. तेव्हा पुस्तक ठेवून घेते व मत तेवढे परत करते.

मत बदलले ते कोणा विद्वानाच्या ग्रंथामुळे नव्हे, तर एका विनोदी तमिळ चित्रपटामुळे. चित्रपटाचे नाव 'संसारम् अदु मिन्सारम्'. संसारम् म्हणजे संसार, हे वेगळे सांगायला नको. आणि मिन्सारम् म्हणजे वीज, आपल्या घरात तारेतून येते ती. संसार म्हणजे वीज आहे, असा सरळ अर्थ. वीज दिवा लावते, पंखा फिरवते आणि ओल्या हाताने बटण दाबले तर झटकाही देते. आमच्या शेजारच्या अक्का म्हणतात की तमिळ बोलण्यात 'संसारम्' म्हणजे बायको असाही अर्थ होतो. तेव्हा झटका कोणापासून कोणाला, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

मी धारावीत राहते. आमच्या गल्लीत मराठी घरे चार, आणि बाकीची बहुतेक तिरुनेलवेलीकडून आलेल्या तमिळ लोकांची. अक्का त्यांतल्याच. लग्न होऊन आल्या तेव्हापासून ह्याच गल्लीत आहेत. त्यांचे हिंदी, माझे हिंदी आणि पुस्तकातले हिंदी ह्या तीन वेगवेगळ्या भाषा आहेत, तरी आमचे छान जमते. पोंगल आणि आपली संक्रांत जवळपास एकाच दिवशी येते. मी तिळगूळ द्यायला गेले, तर त्यांच्या टीव्हीवर हा चित्रपट नुकताच सुरू झाला होता. "बैठ, बहुत अच्छा पिक्चर है," असे म्हणून त्यांनी मला बसवले व अडीच तास एकेका वाक्याचा अर्थ सांगितला. पुढे मी तोच चित्रपट मोबाइलवर इंग्रजी तळओळींसह पुन्हा पाहिला, तेव्हा कळले की अक्कांनी भाषांतरात पदरचे पुष्कळ घातले होते. पण मूळ गाभा त्यांनी बरोबर पकडला होता.

हा चित्रपट १९८६ सालचा, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. लेखक, दिग्दर्शक आणि घरातला कर्ता पुरुष अशा तिन्ही भूमिका विसू ह्यांच्या. विसू मूळचे नाटकवाले, के. बालचंदर ह्यांच्या हाताखाली तयार झालेले. २०२० साली ते वारले. निर्मिती मद्रासच्या ए.व्ही.एम. संस्थेची. हीच गोष्ट त्यांनी आधी नाटक म्हणून लिहिली होती आणि १९७५ साली तिच्यावर एक चित्रपटही निघाला होता, पण तो पडला. अकरा वर्षांनी तीच गोष्ट नव्याने उभी राहिली व अशी चालली की तिला निखळ करमणूक करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, सुवर्णकमळ, मिळाले. त्या वर्गात तो मान मिळवणारा हा पहिला तमिळ चित्रपट. मग तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा आवृत्त्या निघाल्या. हिंदीत १९८७ साली 'संसार' निघाला, त्यात रेखा आणि अनुपम खेर होते. आपल्या प्राध्यापकांपैकी काहींनी तो पाहिला असेल.

कथा अगदी घरगुती. अम्मैयप्पन मुदलियार हे सरकारी कचेरीतले कारकून. अम्मै म्हणजे आई व अप्पन म्हणजे बाप. नावातच दोन्ही आहेत. बायको गोदावरी गरीब स्वभावाची (कमला कामेश). मुलगे तीन, मुलगी एक. थोरला चिदंबरम पैशाला पैसा जोडणारा. हे काम रघुवरन ह्यांनी केले आहे. उंच, लुकडा माणूस, आवाज न चढवता असे काही बोलतो की अंगावर काटा यावा. त्याची बायको उमा म्हणजे लक्ष्मी, 'जूली'मधली. मधला शिवा, त्याची बायको वसंता. मुलगी सरोजिनी, शिकलेली आणि फटकळ. आणि धाकटा भारती, नाव महाकवीचे आणि उद्योग बारावीला पुन्हा पुन्हा नापास होण्याचा. शिवाय घरची मोलकरीण कन्नम्मा, तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

सरोजिनीला वडिलांनी आणलेले स्थळ नको असते. तिचे पीटर फर्नांडिस नावाच्या ख्रिस्ती मुलावर प्रेम असते. बाप संतापतो, मुलाचा बापही संतापतो, दोघांची जुंपते आणि शेवटी लग्न लागते. इथे मला एका गोष्टीचे कौतुक वाटले. मुदलियारांच्या घरातली मुलगी फर्नांडिसांच्या घरात जाते व त्यावरून ना रक्तपात होतो, ना गाव पेटते. दोन चिडके म्हातारे एकमेकांना टोमणे मारतात आणि प्रेक्षक हसतो. एवढी मोठी गोष्ट इतक्या साधेपणाने सांगता येते, हे मला ठाऊक नव्हते.

लग्न मात्र फुकट लागत नाही. थोरल्याने बहिणीच्या लग्नाला पैसे घातलेले असतात आणि ते त्याच्या वहीत मांडलेले असतात. उमा बाळंतपणाला माहेरी जाते, तसे हे महाशय घरखर्चाला द्यायचे पैसे कमी करतात. बायको इथे जेवत नाही, मग तिच्या जेवणाचे पैसे मी का द्यावेत, हा हिशेब! बाप म्हणतो, चालता हो. मुलगा म्हणतो, माझे लग्नात घातलेले पैसे टाका, मग जातो. कारकून बाप कुठून टाकणार? आणि मग तो प्रसंग येतो, ज्यासाठी तमिळ माणसे हा चित्रपट अजून विसरलेली नाहीत. अम्मैयप्पन बायकोला हाक मारतात व घराच्या मधोमध रेघ ओढायला सांगतात. पैसे फिटेपर्यंत अर्धे घर तुझे, अर्धे आमचे. तू रेघेच्या अलीकडे यायचे नाही.

अक्कांच्या घरातले सगळे हे वाक्य पडद्यावर येण्याच्या आधीच मोठ्याने म्हणाले. मी हसले नाही. माझे लक्ष दुसरीकडेच गेले होते. भांडण बापलेकाचे. हिशेब मुलाचा, अभिमान बापाचा. मग रेघ ओढायला गोदावरीला का सांगितले? जिने दोघांनाही वाढले, जिने उभ्या जन्मात कधी पैसे मोजले नसतील, तिनेच आपल्या स्वयंपाकघराचे दोन तुकडे करायचे? स्पर्धेत मी मोठ्या आवाजात म्हटले होते की एकत्र कुटुंबात बाईला आधार असतो. तो आधार मला त्या क्षणी कुठे दिसला नाही.

इरावती कर्वे ह्यांनी भारतातील नातेसंबंधांवरील १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली आहेत, ती आपल्याला समाजशास्त्राच्या तासाला लिहून घ्यावी लागली. छप्पर एक, चूल एक, मालमत्ता सामाईक, देवधर्म सामाईक आणि माणसे एकमेकांच्या नात्यातली. परीक्षेत हे पाच गुणांना येते. मी ती लक्षणे आमच्या घराला लावून पाहिली. छप्पर एक, खरेच, आणि तेही पत्र्याचे. चूल एक. सामाईक मालमत्ता म्हणजे एक पंखा व एक कपाट. देव कपाटावर. नात्यातली माणसे पाच. बाबा, आई, दादा, वहिनी आणि मी. म्हणजे आम्ही ग्रंथात बसतो. खोलीत बसतो का, हा प्रश्न ग्रंथात नाही.

आमची खोली दहा बाय बाराची आहे, वर पोटमाळा. दादा-वहिनी पोटमाळ्यावर झोपतात. पोटमाळ्याच्या तोंडाला आईच्या जुन्या साडीचा पडदा आहे. बाबा एका इमारतीवर रात्रपाळीला पहारा करतात, त्यामुळे रात्री खाली आई आणि मी. दिवसा ह्या खोलीत अभ्यास होणे शक्य नसते. म्हणून मी रात्री साडेदहाला बसते व एक-दीडपर्यंत वाचते. आमच्या घरात दिवा एकच आहे, ट्यूबलाइट, आणि तिचा उजेड पडद्यातून सरळ वर जातो.

आता चित्रपटातली वसंता पाहा. सून शिकलेली आहे, तेव्हा नापास होणाऱ्या धाकट्या दिराला तिने शिकवावे, असे सासरे ठरवतात. दीर पुस्तक घेऊन बसतो तो उठतच नाही. नवे लग्न झालेले. नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला सापडत नाही. त्यांची कुजबुज, चोरून भेटणे, शिवाची चिडचिड, ह्यावर चित्रपटात हशा वसूल केला आहे. अक्कांच्या खोलीतही खूप हसणे झाले. चिडचिडीचे भांडण होते, भांडणाचे विकोपाला जाते आणि वसंता माहेरी निघून जाते.

मीही हसत होते. हसता हसता एकदम माझ्या लक्षात आले की ह्या चित्रपटात मी कोण आहे. शहाणी, सोशिक उमा मी नाही. फटकळ सरोजिनीही मी नाही. मी तो भारती आहे! पुस्तक घेऊन बसलेला, उजेड अडवून बसलेला, ज्याच्या शिक्षणाचे घरात सगळ्यांना कौतुक आहे व ज्याच्या शिक्षणापायी दोन माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही. फरक एवढाच की तो नापास होतो व मी पास होते. पण ज्यांची झोप जाते त्यांना निकालाशी काय करायचे?

त्या रात्री मी अकराला पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी वहिनीला भाकरी थापताना विचारले, "वहिनी, रात्री लाइटाचा त्रास होतो का गं तुला?"

"नाही हो ताई," ती म्हणाली, "तुम्ही करा की अभ्यास. सवय झालीय आता."

दीड वर्ष झाले तिच्या लग्नाला. आमच्या घरी कोणी तिला कधी बोलत नाही, सासुरवास नाही. आई तिच्याआधी उठते. सणाला साडी वेळेवर मिळते. बाहेरून पाहणारा म्हणेल, किती चांगले एकत्र कुटुंब! आणि त्या चांगल्या कुटुंबात नवऱ्याशी मोठ्याने भांडायलाही तिला जागा नाही. हसायला तर नाहीच.

आता कन्नम्मा. ही भूमिका मनोरमा ह्यांची. हजारांहून अधिक चित्रपटांत काम केलेली बाई. २०१५ साली वारल्या तेव्हा अक्का दोन दिवस हळहळत होत्या. ही मोलकरीण मूळ नाटकात नव्हतीच म्हणतात. गोष्ट फार रडकी होईल, थोडे हसू हवे, असे ए.व्ही.एम.च्या सरवणन ह्यांनी सुचवल्यावर विसूंनी हे पात्र घातले. आणि पाहणाऱ्यांना सर्वांत जास्त आठवते ते हेच पात्र. आल्बर्ट फर्नांडिससमोर ती जी फटकेबाजी करते, मधूनच स्वतःलाच 'गप्प बस' म्हणून दटावते आणि दटावत दटावत सगळे बोलून टाकते, ते शब्द न कळताही कळते.

माझी आई माटुंग्याला तीन घरी धुणीभांडी करते. त्यांतले एक घर तमिळ. संक्रांतीच्या दिवशी तिला तिथे दुप्पट काम होते, म्हणून ती उशिरा आली व मला शोधत अक्कांच्या दारात उभी राहिली. पडद्यावर कन्नम्मा बोलत होती. आणि आई हसली, अक्कांनी अर्थ सांगायच्या आधी हसली. मी चकित झाले. आईला तमिळ येते हे मला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हते! तिचे तमिळ म्हणजे स्वयंपाकघरातले शब्द. तण्णी म्हणजे पाणी. पात्रम् म्हणजे भांडे. आणि सीक्किरम म्हणजे लवकर. हा शब्द तिला रोज वीस वेळा ऐकावा लागतो. आपल्या संस्कृतच्या सरांना मी नंतर विचारले. ते म्हणाले, मूळ शब्द शीघ्रम्. म्हणजे आई रोज संस्कृत ऐकते, आणि मी ते शिकण्यासाठी फी भरते.

आई दारातच टेकली आणि उरलेला चित्रपट तिने तिथूनच पाहिला. संपल्यावर मी विचारले, "कशी वाटली ती कन्नम्मा?"

"चांगली आहे," आई म्हणाली. "पण तिला पगार किती ते दाखवलं नाही. आणि घराची वाटणी झाल्यावर ती भांडी कुणाची घासायची? दोन्हीकडची?"

समीक्षेच्या पुस्तकांत मला अजून असा प्रश्न सापडलेला नाही.

उमा माहेरून तान्हे बाळ घेऊन परत येते, तो घरात ही रेघ. मग ती एकेक गाठ सोडवायला घेते. सरोजिनी मानापमानावरून नवऱ्याला सोडून आलेली असते, तिला परत पाठवते. वसंताचा संसार जुळवते. नवऱ्याचा हिशेबीपणा त्याच्याच गळ्यात येईल अशी व्यवस्था करते. ह्या भागात चित्रपट थोडा शाळेच्या बोधकथेसारखा होतो आणि मला दोन तक्रारी नोंदवल्यावाचून राहवत नाही. एक म्हणजे, घर पुरुषांनी मोडायचे व बाईने जोडायचे, हे गृहीतच धरले आहे. उमा एखाद्या दिवशी तापाने पडली असती तर मुदलियारांच्या घराचे काय झाले असते, हे विसूंनी पाहिले नाही. दुसरी तक्रार सरोजिनीबद्दल. शिकलेली मुलगी म्हणजे उर्मट, तिला एकदा वाकवले की संसार सुरळीत, हे १९८६ साली हशाचे वाक्य असेल. आपल्या वर्गातल्या चाळीस मुलींना ते ऐकवून पाहावे! घरातली पहिली शिकलेली मुलगी म्हणून मला तर ते फार लागले, कारण गावाकडे गेल्यावर माझ्याबद्दलही तेच बोलले जाते. शब्द फक्त मराठी असतात.

पण ह्या सगळ्या तक्रारी शेवट पाहून मी मागे ठेवल्या. सगळे जुळते. थोरला माफी मागतो, बापाचे डोळे भरून येतात, रेघेचा प्रश्न मिटतो. इथे कुठलाही दुसरा दिग्दर्शक सगळ्यांना एका पंगतीत बसवून, एक फोटो काढून मोकळा झाला असता. मला वाटले, झाले, आता पडदा पडणार. आणि उमा म्हणते, आम्ही वेगळे राहणार.

भांडून नव्हे. सगळे गोड झाल्यावर, गोड आहे तोवर. ती म्हणते त्याचा मतलब असा की एकदा तडा गेलेली काच पुन्हा जोडली तरी ती जपूनच धरावी लागते. आज सगळे एकमेकांना मिठ्या मारत आहेत. उद्या परत मीठ-मिरचीवरून काही निघेल. त्यापेक्षा थोडे दूर राहू, सुटीच्या दिवशी येऊ, चार घटका हसूखेळू आणि आपापल्या घरी जाऊ. ज्या घरासाठी तिने एवढा आटापिटा केला, त्याच घरातून ती आपण होऊन बाहेर पडते.

अक्का म्हणाल्या की चित्रपट नवा होता तेव्हा ह्या शेवटावर त्यांच्याकडे खूप बोलले गेले. पुष्कळांना तो रुचला नाही. सून घर जोडते आणि मग सोडते, हे कसे? सगळ्यांनी हसून झाल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत असे बोलायला विसूंना धीर लागला असेल. मला हा शेवट पटला, आणि माझ्या अनुकूल बाजूच्या भाषणातला एकही मुद्दा त्यापुढे टिकला नाही. कर्वेबाईंची लक्षणे घ्या. उमा छप्पर सोडते, चूल सोडते. नाते सोडत नाही; उलट नाते वाचावे म्हणूनच छप्पर आणि चूल सोडते. रेघ दोन्ही वेळा आहे. एक बापाने रागाने ओढायला लावलेली, जिच्या अलीकडे-पलीकडे माणसे एकमेकांचे पाणी मोजतात. दुसरी उमाने विचाराने ओढलेली, मधे रस्ता असलेली. त्या रस्त्याने येता येते आणि जाताही येते. आम्ही वादविवादात 'एकत्र' आणि 'विभक्त' असे दोनच शब्द घेऊन भांडत होतो. मधल्या रस्त्याचा कोणी विचार केला नाही, परीक्षकांनीसुद्धा.

घरी हे सगळे मी बाबांना सांगितले. ते रात्रपाळीला निघत होते, चपला घालता घालता थांबले. म्हणाले, "म्हाताऱ्या आईबापाला सोडून जायचं, हे सिनेमात शिकवतात होय?" मी गप्प बसले. बाबांचा शब्द मोडायची आमच्यात पद्धत नाही. पण वाचकांना सांगायला हरकत नसावी. बाबा स्वतः अठराव्या वर्षी माण तालुक्यातले घर सोडून मुंबईला आले. आजी-आजोबा, दोन काका आणि शेती गावाला राहिली. बाबा दर महिन्याला पैसे पाठवायचे व वर्षाला एकदा जत्रेला जायचे. गावच्या दोन्ही काकांचे आजीशी रोज वाजायचे. आजी मरेपर्यंत म्हणायची, माझा मुंबईचा लेक तेवढा मायेचा. त्या मायेत एस.टी.च्या सात तासांचा वाटा किती होता, हे मी बाबांना कधी विचारणार नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे म्हणायला सोपे आहे. मुंबईत वेगळी खोली घ्यायला पैसे कोण देणार? बरोबर आहे. मुदलियारांचे घर निदान रेघ ओढण्याइतके तरी होते. आमच्या खोलीत रेघ ओढली तर एका बाजूला मोरी येईल व दुसऱ्या बाजूला दार. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा मोजून पाहावे की शहरातली किती कुटुंबे प्रेमाने एकत्र आहेत व किती अनामत रकमेअभावी.

आणि मी हे लिहिते आहे ते माझ्या फायद्याचे नाही, हेही सांगून टाकते. माझी फी दादा भरतो. तो पिशव्यांच्या कारखान्यात शिलाई करतो, नगावर पैसे. पहिल्या वर्षाची फी त्यानेच भरली, दुसऱ्या वर्षाचीही. त्याच्याकडे चिदंबरमसारखी वही नाही. पण खोलीचे भाडे सुरू झाले की वही आपोआप तयार होईल, एवढे मला कळते. दादा-वहिनी वेगळे झाले तर माझे तिसरे वर्ष कसे होणार, ह्याचे उत्तर माझ्याकडे नाही. तरीही विषय मीच काढला. जेवताना म्हटले, "दादा, तुम्ही दोघांनी खोली बघा." दादाने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याला घराबाहेर काढते आहे. वहिनीने मान वर केली नाही, पण तिचा वाढायचा हात थांबला.

आई म्हणाली, "ती बरोबर बोलतेय."

मग दोन रविवार दोघे दिव्याला जाऊन आले. पहिली खोली पाण्यावरून नको झाली. दुसरी स्टेशनपासून वीस मिनिटांवर आहे, चाळीतली, एक खोली आणि आत मोरी. खिडकी आहे, असे वहिनीने मला तीनदा सांगितले. अनामतीचे पैसे अजून जमायचे आहेत. बाबा ह्यावर काही बोलत नाहीत, पण परवा त्यांनी जुना स्टोव्ह काढून त्याला नवीन वाती घातल्या आणि पोटमाळ्याखाली ठेवून दिला.

आईने माटुंग्याला चौथे घर धरले आहे. मला तिने सांगितले नाही, वहिनीकडून कळले. तेही घर तमिळ लोकांचेच आहे, सकाळचे काम. आता ती पाचला उठते, ट्यूब लावत नाही, अंधारातच चाचपडत साडी नेसते आणि दार ओढून घेऊन जाते. काल मी जागी होते. विचारले, "एवढ्या लवकर?"

"सीक्किरम," ती म्हणाली व चपला हातात घेऊन पायरी उतरली.